शिंगं भिंतीवर येण्याआधी

पत्र असं आहे:

काका, आम्ही कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, इथेच जन्मलेला. शेजारी पंच्याहत्तरीचे एक आजोबा आहेत, आयुष्यभर एल्कची, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाची, शिकार केलेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन्ही बाजूंना सहा-सहा टोकं असलेली अवाढव्य शिंगं आहेत. मुलगा लहानपणापासून ती बघत आलाय. आता आजोबांनी त्याला या सीझनला डोंगरात न्यायचं कबूल केलंय आणि तो म्हणतो, मलाही तसलीच शिंगं हवीत. नवरा म्हणतो, जाऊ दे. सासूबाई माळकरी आहेत, वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात. आम्ही तिघं मटण-चिकन खातो, त्यामुळे प्राणी मारू नये असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पण भिंतीवर लावायला शिंगं हवीत म्हणून एवढं मोठं जनावर मारायचं, हे मला सहन होत नाही. नाही म्हटलं तर दोन वर्षांनी अठराचा होईल आणि न विचारता जाईल. काय करू? – एक आई

ताई,

पाठवा त्याला. पण यंदा त्याच्या नावावर मादीचाच टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, निघाला पाहिजे, नराचा नाही. आणि तो म्हणाला की मादी मारण्यात काय मजा, शिंगंच नाहीत, तर मग पाठवू नका. तेव्हा तुम्ही ठामपणे नाही म्हणा आणि नवऱ्यालाही म्हणायला लावा. माझं उत्तर एवढंच आहे, पण ते असं का, हे तुम्हाला आणि त्याला दोघांनाही पटायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही कोंबडी खाता म्हणून तुम्हाला बोलायचा अधिकार नाही, असं समजू नका. घरात हा वाद काढूच नका, त्यातून कुणाचंच मत बदलत नाही. तुम्हाला खटकलंय ते मारणं नाही, मारण्याचं कारण आहे. मलाही तेच खटकतं, आणि मी जन्मभर शिकार केलेला माणूस आहे.

मी जावळीच्या बाजूचा, सातारा जिल्ह्यातला. लहानपणी चुलत्यांच्या मागं रानडुकराच्या हाक्याला जायचो. डुक्कर पडलं की त्याचे वाटे व्हायचे. बार टाकणाऱ्याचा वाटा थोडा मोठा, पण हाका घालायला आलेल्या प्रत्येकाच्या घरी, अगदी नुसता डबा बडवणाऱ्या पोराच्याही घरी मांस जायचंच. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, ते सगळं बंद झालं, आणि बंद झालं तेच बरं झालं. आपली रानं तोवर रिकामी होत आली होती. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातलं संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. पेंढा भरलेले वाघ, बिबटे, गवे. लहानपणी ते बघून मला अभिमान वाटायचा. मोठेपणी तिथं उभा राहिलो तेव्हा एकच प्रश्न पडला, की ही जनावरं पडली त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटली? तसं कुठंही लिहिलेलं नाही. मुंडक्याबरोबर ती गोष्ट कधीच टांगली जात नाही.

पुढं नोकरीनं मला कोलोराडोत आणलं. तिथं कायद्यानं, परवान्यानं, मोजून-मापून शिकार करता येते हे कळलं आणि पुन्हा रायफल हातात घेतली. एल्कच्या मागं मी म्हातारा झालो. त्यामुळे शिंगांचा मोह काय असतो हे मला ऐकीव नाही. सप्टेंबरात पहाटे अ‍ॅस्पेनच्या पिवळ्या रानात नर ओरडतो तेव्हा सुरुवातीला खोल घुमतो आणि मग शिट्टीसारखा उंच चढत जातो. तो आवाज ऐकून ज्याला त्याची शिंगं बघावीशी वाटणार नाहीत, असा माणूस मला भेटलेला नाही. मुलाला शिंगं हवीशी वाटतात यात काही वाईट नाही. मात्र ती नक्की काय असतात, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तर त्याला सांगा. एल्क हा आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद, काश्मीरचा हंगुल तर त्याच्या आणखी जवळचा. पूर्ण वाढीचा नर ३०० किलोंच्या पुढं जातो, मादी २२५ किलोंच्या आसपास असते. शिंगं फक्त नराला, आणि ती गाईम्हशींसारखी कायमची नसतात. मार्च-एप्रिलमध्ये जुनी गळून पडतात, लगेच नवी फुटू लागतात आणि ऑगस्टपर्यंत पूर्ण होतात. भर उन्हाळ्यात ती दिवसाला दोन-अडीच सेंटीमीटर वाढू शकतात. वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते, आत रक्त खेळत असतं, हात लावला तर गरम लागतात. हे हाड आहे, आणि चार-पाच महिन्यांत एवढं हाड उभं करायला नुसतं गवत पुरत नाही, म्हणून नर स्वतःच्या बरगड्यांमधला चुना काढून शिंगांना देतो. मोठ्या नराची जोडी १८ किलोंपर्यंत भरते. ऑगस्टअखेर कातडी वाळते, तो ती झाडांवर घासून काढतो, आणि सप्टेंबरात माजावर येतो तो जवळजवळ खाणंपिणं सोडून. माद्या राखायच्या, दुसऱ्या नरांना हाकलायचं, झुंजायचं. महिन्याभरात त्याचं वजन चांगलंच उतरतं आणि तशाच अवस्थेत त्याला हिवाळ्याला सामोरं जायचं असतं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या अभ्यासकांनी २०१८ साली दाखवून दिलं की जे नर शिंगं लवकर टाकतात त्यांच्यावर लांडगे जास्त हल्ले करतात. म्हणजे माज संपला तरी मार्चपर्यंत तो हे ओझं वागवतो ते जीव वाचवायला. शेजारच्या आजोबांच्या भिंतीवर आहे तो एका जनावराचा एक उन्हाळा, त्याच्या बरगड्यांसकट. तशी सहा-सहा टोकांची भरदार शिंगं यायला त्याला आधी कित्येक हिवाळे जगावं लागतं.

हे कळल्यावरही ती हवीशी वाटत असतील तर वाटू देत. पण ती पहिली हवीत की शेवटी, यावर सगळं ठरतं.

अमेरिकेत हा प्रश्न एकदा फार महागात पडलेला आहे. गोरे लोक येण्याआधी या खंडावर अंदाजे एक कोटी एल्क होते असं मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते एक लाखाच्याही खाली आले. बाजारात विकायला बेसुमार मारले, कुरणं शेतीत गेली, ही मोठी कारणं. पण एक कारण असं आहे की मला अजून ऐकवत नाही. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात. तेव्हा एल्कच्या नावानं चालणाऱ्या एका मोठ्या बंधुमंडळात घड्याळाच्या साखळीला हा दात लावायची रीत होती. त्याला भाव आला, आणि यलोस्टोनच्या आसपास लोक दोन दातांसाठी एल्क मारून बाकीचं जनावर तिथंच टाकून जाऊ लागले. आता दुसरी बाजू बघा. मोंटानातल्या क्रो या आदिवासी जमातीच्या बायकांच्या जुन्या पोशाखांवर हेच दात ओळीनं शिवलेले असतात. एका जनावराचे दोनच, म्हणजे एका पोशाखामागं घरातल्या शिकाऱ्यांची कितीतरी वर्षं आली. तिथं आधी मांस खाल्लं गेलं, कातडं वापरलं गेलं आणि दात मागाहून पोशाखावर चढले. दात तोच आणि मरणही तेच. तरी मला एका गोष्टीची शिसारी येते आणि दुसरीपुढं मान लवते.

पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट आणि निसर्गअभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला तो या नासाडीच्या काळातच. आज लोक या क्लबला शिंगं मोजणारा क्लब म्हणून ओळखतात. परंतु शिंगं-मुंडकी जमवायचा या मंडळींचा पहिला हेतू वेगळा होता. हे प्राणी आता राहत नाहीत, निदान त्यांचे नमुने तरी राहावेत, असं त्यांना वाटत होतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात १९२२ साली अशा संग्रहाची इमारत उघडली तेव्हा ती जगातल्या नाहीशा होत चाललेल्या मोठ्या प्राण्यांच्या स्मृतीला अर्पण केली होती. भिंतीवरच्या मुंडक्यामागची एवढी प्रामाणिक भावना मला क्वचित कुठं दिसली.

नंतर मोजणी वाढली. १९५० साली आजची गुणपद्धत आली. शिंगं ६० दिवस वाळू द्यायची, मग मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक टोकाची लांबी, चार ठिकाणचा घेर, दोन दांड्यांमधलं अंतर हे सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून बेरीज करायची, डावं-उजवं सारखं नसेल तर फरक वजा करायचा. क्लबच्या कायमच्या नोंदवहीत यायला ३७५ गुण लागतात. कोलोराडोचा सगळ्यात नावाजलेला नर ४४२ ३/८ भरला. तो जॉन प्लूट नावाच्या माणसानं १८९९ साली क्रेस्टेड ब्यूट या खाणगावाजवळच्या डार्क कॅनियनमध्ये मारला होता, आणि गुत्त्याची उधारी फेडायला त्यानं ती शिंगं गुत्तेवाल्याला देऊन टाकली अशी हकीकत सांगतात. पुढं कितीतरी वर्षं ती जगातली सगळ्यात मोठी म्हणून नोंदलेली होती. प्लूटला तो आकडा कधी कळलाच नाही. मुलाला ही गोष्ट जरूर सांगा, कारण आज त्याच्या वयाच्या पोरांना आकडा आधी माहीत असतो आणि डोंगर नंतर.

आकडा आधी आला की काय होतं ते मी एका छावणीत पाहिलं आहे. परराज्यातून आलेला एक माणूस होता. चांगला नेमबाज, वागायलाही चांगला. आठवडाभर त्याच्यासमोरून कायदेशीर नर गेले, त्यानं सोडले, कारण त्याला मोठा हवा होता. सोडणं हा त्याचा हक्कच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी, सूर्य डोंगरामागं गेल्यावर, दरीच्या पलीकडं पाचशे यार्डांच्याही पुढं त्याला तो हवा होता तसा नर दिसला. एरवी त्या अंतरावर, त्या उजेडात त्यानं बार टाकला नसता. त्या दिवशी टाकला. आम्ही पलीकडं पोचलो तर बर्फावर गडद रक्त, त्यात गवताचे हिरवे कण. ज्याला कळतं त्याला तिथंच कळतं. फुफ्फुसात गोळी गेली तर रक्त गुलाबी, फेसाळ असतं आणि जनावर शे-दीडशे पावलांत पडलेलं सापडतं. हिरवे कण म्हणजे गोळी पोटात. अशा जनावराच्या लगेच मागं लागायचं नसतं, लागलं तर ते मैलोगणती जातं. रात्रभर थांबलो. सकाळपासून माग काढला, दुपारी बर्फ पडायला लागला आणि माग बुजला. तिसऱ्या दिवशी कावळे घिरट्या घालताना दिसले. कोल्ह्याच्या जातीच्या कोयोटींनी मागचा भाग खाल्ला होता, उरलेलं मांस सडलं होतं. नर जागोजागी बसला होता आणि उठला होता, त्या जागा रक्तानं दिसत होत्या. त्या माणसानं शिंगं करवतीनं काढली आणि घरी नेली.

ती त्याच्या भिंतीवर आहेत, आणि बघणाऱ्याला ती सुंदरच दिसतात. शिंगं बघून त्या तीन दिवसांचं काहीही कळत नाही. तुमचा मुलगा शेजारच्या भिंतीकडं बघतो तेव्हा त्यालाही काही कळत नाही. म्हणून मी म्हणतो की शिकार आधी कळू दे.

आता मादीचाच टॅग का, ते सांगतो. एक म्हणजे कळपाची संख्या माद्यांवर ठरते, नरांवर नाही. कोलोराडोत एल्क एकेकाळी हजाराच्या आत आले होते. १९१२ ते १९२८ च्या दरम्यान वायोमिंगहून आणून सोडले, वाढवले, आणि आज अडीच लाखांवर आहेत. इतके कुठल्याही दुसऱ्या राज्यात नाहीत. संख्या आवाक्यात ठेवायला राज्याचा वन्यजीव विभाग दरवर्षी माद्यांचे टॅग देतो. त्यांच्या फीमधून आणि रायफल-काडतुसांवरच्या ११ टक्के केंद्रीय करातून, जो १९३७ पासून वन्यजीवांसाठीच राखलेला आहे, हा सगळा कारभार बराचसा चालतो. दुसरं म्हणजे मादीचं मांस कोवळं. आणि तिसरं, जे तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचं: मादी मारणाऱ्याला मांसाशिवाय दुसरं काही मिळत नाही. दाखवायला काही नाही, मोजायला काही नाही. तरीही पहाटे तीनला उठून, वारा आपल्याकडून जनावराकडं जात नाही ना हे बघत डोंगर चढायचा. सकाळी ऊन तापलं की हवा चढणीला लागते, संध्याकाळी उताराला, हे अंगाच्या कातडीनं शिकायचं. दिवसेंदिवस काही न दिसता परत यायचं. आणि जनावर पडल्यावर खरं काम सुरू. कातडं तासाभरात उतरवावं लागतं, नाहीतर हाडाजवळचं मांस आतल्या उष्णतेनं आधी खराब होतं. चार पाय सुटे करायचे, पाठीच्या लांब पट्ट्या आणि त्यांच्या आतल्या बाजूचं कोवळं मांस काढायचं, कापडी पिशव्यांत भरायचं, आणि वीस-पंचवीस किलोंचं एकेक ओझं पाठीवर घेऊन गाडीपर्यंत खेपा घालायच्या. त्या पंच्याहत्तरीच्या आजोबांच्या पाठीवर नव्हे, तुमच्या मुलाच्या. कोलोराडोच्या कायद्यानं खाण्याजोगं मांस आणणं बंधनकारकच आहे; शिंगं घेऊन मांस टाकलं तर तो गंभीर गुन्हा होतो.

हे सगळं करून घरी आल्यावर तो म्हणाला की पुढच्या वर्षीही जायचंय, तर त्याला शिकार आवडते. मग कधीतरी नराचा टॅग काढू दे, माझी ना नाही. जो पोरगा मादीचे साठ-सत्तर किलो मांस डोंगरावरून उतरवतो, तो पुढं शिंगांसाठी पाचशे यार्डांवरून वेडावाकडा बार टाकत नाही. माझा तसा अनुभव आहे.

त्याला सीझनआधीच, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एस्टेस पार्कला घेऊन जा. फोर्ट कॉलिन्सहून तास-सव्वा तासाचा रस्ता. गावालगतच्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तिथले नर माणसांदेखत ओरडतात, झुंजतात. तुम्हीही जा, सासूबाईंनाही न्या. गावात सॅमसन नावाच्या नराचा पुतळा आहे, तो दाखवा. हा नर सगळ्या गावाच्या ओळखीचा होता, माणसांना सरावलेला. नोव्हेंबर १९९५ मध्ये एका चोरट्या शिकाऱ्यानं त्याला शिंगांसाठी क्रॉसबोनं मारलं. लोक इतके संतापले की १९९८ साली त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला, आणि सहा किंवा जास्त टोकांचा नर बेकायदा मारला तर नेहमीच्या दंडावर आणखी १०,००० डॉलर भरावे लागतात. कोलोराडोत शिंगांच्या हव्यासाची किंमत कायद्यानं लिहून ठेवली आहे, हे शिंगांचं वेड असलेल्या मुलाला माहीत हवं.

त्याचं मन फक्त शिंगांतच असेल, आणि तसं असण्यात लाज नाही, तर न मारताही ती मिळतात. गळालेली शिंगं डोंगरात पडलेली असतात. कोलोराडोत आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला सरकारी जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल ती गोळा करायला बंदी आहे, कारण हिवाळ्यानं थकलेल्या जनावरांना माणसांच्या पावलांनी पळवणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं. १ मे पासून मोकळीक. राष्ट्रीय उद्यानातून मात्र काहीच उचलायचं नाही. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावात चौकाच्या चारी कोपऱ्यांवर एल्कच्या शिंगांच्या कमानी आहेत, पहिली १९५३ सालची. शेजारच्या राखीव कुरणात गळालेली शिंगं तिथले स्काउट दरवर्षी वेचतात आणि त्यांचा लिलाव होतो. एखाद्या मे महिन्यात बापलेकांनी पाठीला पाणी बांधून दिवसभर हिंडावं. एक शिंग सापडलं तरी तो ते आयुष्यभर जपेल. भारतात नातेवाइकांना भेट म्हणून मात्र काहीही नेऊ नका. तिकडं हरणांची शिंगं बाळगण्या-विकण्यावर कडक कायदे आहेत आणि विमानतळावर समजावत बसावं लागेल.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना आधी सांगा, तुम्ही नाही, मुलानं सांगावं. आजीसमोर बसून, मी काय करणार आहे, का करणार आहे, हे सोळा वर्षांच्या मुलाला सांगता आलं नाही तर ते करायची त्याची तयारी झालेली नाही. त्यांचा आशीर्वाद मागू नका, माळ घातलेल्या माणसाला तसल्या पेचात टाकू नये. त्या रागावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. ऐकून घ्या. मांसासाठी गॅरेजमध्ये वेगळा फ्रीजर, वेगळी भांडी, आणि त्या असताना घरात आणायचं नाही असं त्या म्हणाल्या तर त्या परत जाईपर्यंत ते आजोबांच्या फ्रीजरमध्ये राहू दे. लपवाछपवी मात्र अजिबात नको. पुढं कधी शिंगं आलीच, तर ती त्याच्या खोलीत लागतील, देवघरासमोरच्या भिंतीवर नाही. घर सगळ्यांचं आहे.

माझ्या घरीही एक जोडी आहे, पुस्तकांच्या फळीवर. फार मोठी नाही, डावीकडचं पहिलं टोक मोडलेलं. मला एल्कची शिकार शिकवणाऱ्या रँचवाल्या मित्राबरोबरची ती शेवटची शिकार. मांस त्याच्या घरी आणि माझ्या घरी निम्मं निम्मं गेलं, पुढच्या वसंतात तो वारला. ती शिंगं कुणी मोजायला मागितली तर मी देणार नाही. म्हातारे शिकारी पुष्कळसे असेच होतात. शेजारच्या आजोबांना विचारून बघा, त्या भिंतीवरच्या नरापेक्षा त्यांना दुसरीच एखादी शिकार जास्त आठवत असेल. ती गोष्ट मुलाला त्यांच्या तोंडून ऐकू दे. आणि मादीच्या टॅगची कल्पना आधी त्यांच्याच कानावर घाला. ते हो म्हणाले की मुलगा निम्मा तयार झालाच.

आता कामाच्या गोष्टी. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोराडोत हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. त्याच्याबरोबर तुम्हीही बसा, पालकांना बसू देतात, आणि मनातले प्रश्न तिथं विचारता येतील. टॅगच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. ती वेळ गेली असेल तर उरलेले टॅग ऑगस्टमध्ये विकायला येतात, त्यात माद्यांचे पुष्कळ असतात. अंगावर आणि डोक्यावर भडक नारिंगी किंवा गुलाबी हवंच. काडतुसं तांब्याच्या गोळीची घ्या. शिशाची गोळी आत फुटून तिचे बारीक कण मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि खिम्यात येतात.

जनावराचं डोकं तपासणीला द्या. हरणांच्या मेंदूचा एक असाध्य रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, आणि तो पहिल्यांदा दिसला तो तुमच्याच गावात, फोर्ट कॉलिन्सच्या एका संशोधन केंद्रातल्या हरणांमध्ये, १९६७ साली. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण लागण झालेल्या जनावराचं मांस खाऊ नये, आणि शिजवून ती लागण मरत नाही. अहवाल येईपर्यंत पिशव्यांवर तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवा. चांगला आला की पहिल्यांदा नळीचं मांस मंद आचेवर तीन-चार तास शिजवा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, तेल नेहमीपेक्षा जास्त, कारण या मांसाला चरबी जवळजवळ नसते. पाठीची पट्टी कुकरमध्ये घालू नका, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून लगेच उतरवा.

रायफल यंदा विकत घेऊ नका. आजोबांकडं जास्तीची असेलच. तिचा दस्ता मुलाच्या खांद्याला नीट बसतो का ते उन्हाळ्यात रेंजवर बघा. वीतभर रुंदीच्या खुणेवर बसून, गुडघ्यावर टेकून, दम लागलेला असताना, सलग पाच गोळ्या ज्या अंतरावरून लागतील तेवढंच त्याचं अंतर. ते शंभर यार्ड निघालं तर शंभर. तो आकडा त्यानं कागदावर लिहून तुमच्याकडं द्यायचा आणि आजोबांनी त्यावर सही करायची. पुढं घरात रायफल आलीच तर ती कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याकडं.